भिजकं मंडळ

आमच्या घरात उन्हाळा आधी कानाला कळायचा. शिमगा झाला की मोरीत कापड बुचकळल्याचा, मग पिळल्याचा, मग झटकल्याचा आवाज सुरू व्हायचा, तो मिरगापर्यंत थांबायचा नाही. माधवनगरला गिरणीच्या चाळीत आमच्या दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत दारापासून खिडकीपर्यंत दोरी बांधलेली आणि तिच्यावर माझ्या धाकट्या भावाचे, संपतचे, सदरे. वाळायला नव्हे. वाळलेला सदरा आमच्या घरात चालतच नसे. कुठला वाळत आलाय ते बघायचं, बादलीत बुडवायचा, आणि ओलाच त्याच्या अंगात घालायचा. "बाकीची माणसं कापडं वाळत घालत्यात, आमी वलत घालतो," असं माझे वडील म्हणायचे. वडिलांना आम्ही तात्या म्हणत असू. ते गिरणीत विणकाम खात्यात जॉबर, म्हणजे मुकादम, होते. दिवसभर मागांच्या खडखडाटात ओरडून बोलायची सवय, त्यामुळं घरातही त्यांचा आवाज खाली येत नसे. एकदा जेवताना त्यांनी आईकडं मीठ मागितलं, तर शेजारच्या काकू वाटीत मीठ घेऊन दारात आल्या.

संपतला घाम येत नसे. जन्मापासून एक थेंबसुद्धा नाही. डोक्यावर मक्याच्या कणसाला असतात तसे चार विरळ, पिंगट केस आणि तोंडात मांजराच्या पिल्लासारखे दोनच टोकदार दात. बाकी हिरड्या. लोक त्याला म्हातारबाबा म्हणत. तो हसून "काय बाळ?" असं उलट विचारी. पण दर उन्हाळ्यात त्याला ताप भरायचा, डोळे वर जायचे आणि आईचा जीव टांगणीला लागायचा. हिवतापाच्या गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, अंगारे-धुपारे झाले. मग कुणीतरी मिरजेच्या एका कातडीच्या डॉक्टरांचं नाव सांगितलं.

त्या डॉक्टरांनी काय केलं, तर आम्हा दोघा भावंडांना भर दुपारी दवाखान्याच्या अंगणात पळायला लावलं. परत आलो तेव्हा मी निथळत होते आणि संपत तांबडालाल, पण कोरडा ठणठणीत. डॉक्टरांनी माझ्या कपाळावरून बोट फिरवून तात्यांना दाखवलं. मग त्याच्या कपाळावरून. "हिचं शरीर स्वतःवर पाणी शिंपडून घेतंय. याच्या अंगात ती सोयच नाही. औषध नाही याला, पण उपाय आहे. याचा घाम तुम्ही बाहेरून घालायचा." मग त्यांनी आईला तोंड उघडायला सांगितलं. आई नेहमी पदराआडून हसायची, पदराआडून खायची. ती लाज असेल असं आम्हाला वाटे. डॉक्टरांनी हळूच सांगितलं, की हे आईकडून मुलाकडं येतं, आईत थोडंसं दिसतं, मुलात पुरतं उतरतं, आणि यात तिचा दोष काहीही नाही. आईनं पदर पुन्हा तोंडावर घेतला. मग म्हणाली, "माझं दोन भाऊ असंच हुतं. उन्हाळ्यात गेलं."

ही बातमी भावकीत पसरायला वेळ लागला नाही. माझे थोरले चुलते तासगावहून आले, चहा घेतला आणि तात्यांना म्हणाले, "बाईच्या रक्तातच खोट हाय म्हंत्यात. अजून वय हाय तुजं. इचार कर." आई आतल्या खोलीत होती, मी तिच्याजवळ. तात्या त्या दिवशीही ओरडूनच बोलले, त्यामुळं सगळ्या चाळीनं ते ऐकलं. "दादा, बायको करून आनलीया मी. बैल न्हाई घेतला बाजारातनं, दात बघून परत करायला." चुलते अर्धा चहा टाकून गेले. पुढं कितीतरी दिवस आई तात्यांच्या ताटात भाकरी वाढताना उगाचच एक जास्त वाढायची.

खाणं हा आमच्या घरात मोठाच कारभार. संपतला चावता येत नाही म्हणून सगळ्यांनीच मऊ खायचं, असा आईचा कायदा. हुलग्याचं माडगं, ताकातल्या कण्या, आमटीत कुस्करलेली भाकरी, शेंगदाण्याचा कूट पाट्यावर इतका बारीक वाटलेला की तेल सुटावं. तात्यांना कडक भाकरी आणि मिरचीचा खर्डा लागायचा. तो ते गिरणीत, डब्याच्या सुट्टीत, दुसऱ्याच्या डब्यातून खात. पुढं सांगलीतल्या एका दातांच्या डॉक्टरांनी संपतला कवळी बसवून दिली. आधी ते हसले होते, म्हणाले, "आजोबांना आणा की, नातवाला का आणलंय?" पण त्याचं तोंड उघडून बघितल्यावर त्यांचं हसू गेलं, आणि ते आमचे झाले ते कायमचेच. कवळी बसल्यावर संपतनं पहिली गोष्ट मागितली ती फुटाणे. त्याच्या तोंडातून तो कुडुम कुडुम आवाज आला तेव्हा आम्ही तिघंही आपापलं काम सोडून ऐकत बसलो होतो. अजूनही कुणी शेजारी फुटाणे खाऊ लागलं की मला बरं वाटतं. माझ्या सुना म्हणतात, आईंना आवाजाचा त्रास कसा होत नाही. काय सांगायचं त्यांना!

मंडळाची कल्पना आईची. दुसरी बुकात शाळा सुटलेली बाई, पण एक दिवस भांडी घासता घासता म्हणाली, "आवं, आपल्याला डाक्टर घावला. बाकीच्यांला कोन घावलंय?" तात्यांनी तेवढं ऐकलं आणि कामाला लागले. त्यांना भारदस्त नावांची हौस. गिरणीतल्या खोक्याची फळी आणून त्यांनी स्वतःच्या हातानं रंगवलं, 'स्वेदहीन बालक साहाय्यक मंडळ, माधवनगर'. रीतसर नोंदणी केली. मिरजेचे डॉक्टर अध्यक्ष, दातांचे डॉक्टर उपाध्यक्ष, तात्या चिटणीस. आई कुणीच नव्हती आणि सगळं तीच होती. ते नाव चाळीत कुणाच्या जिभेवर बसेना. लोक म्हणू लागले, "भिजकं मंडळ". पत्ता विचारत येणाऱ्याला पोरं सांगत, "भिजकं मंडळ व्हय? त्यो बगा, जिथं सदरं गळत्यात."

तात्यांनी हस्तपत्रकं छापून सांगली, विटा, कऱ्हाड, सातारा अशा एस.टी. स्टँडांवर चिकटवली. 'आपल्या मुलास घाम येत नाही काय? दात उगवत नाहीत काय? केस विरळ आहेत काय?' पहिल्या महिन्यात आला कोण, तर कवठ्याचा एक धडधाकट टक्कलवाला, केसांचं तेल मागायला. आईनं त्याला चहा पाजला आणि सांगितलं, "दादा, तुमास्नी घाम येतोय, लय मोठी गोष्ट हाय. केसांचं काय मनावर घेऊ नगा." त्याच माणसानं नंतर आम्हाला त्याच्या गावातलं एक पोर आणून दिलं. मग शिरवळकडची एक बाई आली, पलूसकडचे एक मास्तर आपली दोन मुलं घेऊन आले. दातांचे डॉक्टर कवळ्या करत, मुलं वाढली की पुन्हा करत. तात्या गिरणीतून फाटका, विरळ विणीचा कपडा मागून आणत आणि आई त्याचे बिनबाह्यांचे सदरे शिवी. शाळाशाळांतून तात्या जाऊन सांगत, की या मुलाला वर्गात माठाशेजारी बसवा, आणि कवायतीला उन्हात उभं करू नका. नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती, कारण नाही म्हटलं की तात्या तेच पुन्हा, आणखी मोठ्यानं सांगत.

एवढं सगळं होत होतं, पण आईच्या माहेराला आम्ही हात लावला नव्हता. माहेर माण तालुक्यात, दहिवडीच्याही पुढं. आई-वडील नव्हते, चुलते होते, नामाआबा. मेंढरं राखणारं, करारी, कमी बोलणारं माणूस. त्यांची बायको आईच्या आईची सख्खी बहीण होती. त्या घराला गावात 'बोळक्यांचं घर' म्हणत. तिथं अशी पोरं जन्मत आणि शाळेत जायच्या वयाला पोचायच्या आत जात. घरावर देवाचा कोप आहे असा समज होता, आणि आबांनी आईला पूर्वीच बजावलं होतं, की तुझं पोर इकडं आणू नकोस, आहे तो बोभाटा पुरे. मग एका उन्हाळ्यात गिरणीतला माणकडचा एक कामगार तात्यांना म्हणाला, "नामाआबाचा नातू, भीमा. त्यो बी तुमच्यातलाच दिसतोय. लय आजारी हाय म्हनं." तात्यांना गिरणीतून रजा मिळेना. आईनं दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाच्या दोन किटल्या पाण्यानं भरल्या, संपतला ओला सदरा घातला, माझ्या हातात एक किटली दिली आणि आम्ही विट्याच्या गाडीत बसलो.

मोठा दुष्काळ सरून फार दिवस झाले नव्हते आणि त्या भागात तो पुरता सरलाच नव्हता. विट्याच्या पुढं खिडकीतून येणारा वारा तव्यावरून आल्यासारखा लागे. मी दर थोड्या वेळानं संपतच्या पाठीवर पेला ओतायची. मागच्या सीटवरच्या माणसाच्या धोतरावर थेंब गेले, तसा तो खेकसला. आई म्हणाली, "पाव्हनं, पावसाळ्यात गळकी गाडी चालती न्हवं तुमास्नी? मग आज पावसाळाच समजा." गाडीत हशा पिकला. तो माणूसही हसला आणि मायणीपर्यंत त्यानं पेला ओतायचं काम स्वतःकडं घेतलं.

गावात पोचलो तेव्हा दुपार टळत आली होती. आबांच्या दारात बायका जमलेल्या. आत, पत्र्याखाली, भीमाला काळ्या घोंगडीत गुंडाळून ठेवलं होतं, नुसतं नाक दिसत होतं. चार वर्षांचं पोर, ओठ फुटलेले. त्याची आई, आबांची लेक लक्ष्मी, उशाशी बसलेली, आबा खांबाला टेकून. आईनं आबांच्या पाया पडायच्याही आधी त्या पोराच्या कपाळाला हात लावला आणि सरळ घोंगडी ओढून काढली.

"हौसे!" आबा आईवर ओरडले. "ताप हाय त्येला. गारठा बसंल!"

"आबा, गारठा न्हाई बसायचा. आपुन भाजतोय त्येला. त्येला घामच येत न्हाई."

"तुला काय कळतंय? तुजं भाऊ कशानं गेलं, ठावं हाय न्हवं? तापानं गेलं."

आई वळली. मी तिला कधीच इतक्या शांतपणे बोलताना ऐकलं नव्हतं. "घोंगडीनं गेलं, आबा. माज्या आयनंच पांघरली. मायेनंच पांघरली. तिला कुनी सांगाय आलं न्हाई. मी आलीया."

आईनं डोक्यावरचा पदर खाली घेतला, तोंड उघडलं आणि सगळ्या आळीपुढं आपले दात दाखवले. वरचे खुंट्यासारखे चार, मधे मोकळ्या हिरड्या. मी तिची मुलगी, पण तोवर मीही ते असे बघितले नव्हते. "ह्ये बगा. मी ह्याच घरातली. कोप न्हाई, भूत न्हाई. माज्या आयकडनं मला आलं, माज्याकडनं माज्या पोराला." मग तिनं संपतला दंडाला धरून पुढं ओढलं. "आन ह्यो माजा संपत. नऊ वर्सांचा. चौथीत हाय. आपल्या घरात एवढं वय गाठल्यालं असलं पोरगं कुनी बगितलंय का, सांगा."

आबा संपतकडं बघत राहिले. संपतनं, सवयीनं, कवळी दाखवून हसून टाकलं.

माझ्या किटलीत पाणी उरलं होतं ते परतीच्या वाटेला, संपतसाठी. आईनं ती किटली माझ्या हातातून घेतली. तिनं संपतकडं बघितलं. संपतनं अंगातला ओला सदरा काढला आणि भीमाच्या छातीवर पसरला. "माज्यावर मगाशीच वतलंय, आये," तो म्हणाला. आईनं किटली भीमावर रिती केली. टाळूवर, काखेत, पायांवर. जमीन कोरडी ढेकळासारखी, पडल्या पडल्या पाणी पिऊन टाकत होती. लक्ष्मी पदरानं वारा घालत होती. पण पाणी संपलं आणि पोराचं अंग अजून तापलेलंच.

गावात टँकर दिवसाआड यायचा. घरटी दोन घागरी, त्यात माणसं, त्यात जनावरं. आई दारातल्या बायकांना काही म्हणाली नाही. मागायला तोंड कुठं होतं. त्यातली एक म्हातारी मात्र उठली आणि गेली. ती परतली तेव्हा तिच्या हातात एक तांब्या होता. तिनं तो आईच्या हातात दिला आणि म्हणाली, "माजा बी एक गेला हुता गं. आसाच." मग दुसरी गेली. मग तिसरी. कुणी तांब्या आणला, कुणी कळशीतलं अर्धं आणलं, एका पोरीनं वाटीभर आणलं. प्यायचं पाणी ते. आई एक थेंब वाया जाऊ देत नव्हती. फडकं भिजवायची, अंगावर फिरवायची, पुन्हा परातीत पिळायची. सर्वांत शेवटी आबा उठले. त्यांनी स्वतःची पाण्याची घागर उचलून आणली, आईपुढं ठेवली आणि तिच्याशेजारी खाली बसून नातवाच्या पायांवरून ओलं फडकं फिरवू लागले. मेंढराच्या नव्या कोकराला पुसतात तसं, उलट्या हातानं.

उन्हं उतरली तसा भीमानं डोळा उघडला. लक्ष्मीनं त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला, काढलाच नाही. थोड्या वेळानं पोर म्हणालं, "माडगं." लक्ष्मी रडायला लागली आणि आई हसायला लागली. मग दोघीही उलट करू लागल्या.

आबांनी माफी वगैरे मागितली नाही. त्या पिढीतले पुरुष मागत नसत. त्यांनी एवढंच विचारलं, "ह्ये रोज करायचं?"

"रोज, आबा. उन्हाळाभर."

"पानी कुठनं आनू?"

आई परत आली आणि तो प्रश्न तिनं तात्यांपुढं ठेवला. मंडळाचं खरं काम मी तेव्हापासून धरते. तात्यांनी मिळेल तेवढी रजा काढली आणि संपतला घेऊन टँकर ज्यांच्या हातात होता त्या साहेबांकडं गेले. साहेब म्हणाले, अशा कारणासाठी जादा पाणी द्यायचं कुठल्याच नियमात नाही. तात्या मागावर बोलावं तसे बोलले, "नियम तुमच्याकडं हाय, साहेब, आन पोरगं माज्याकडं. जरा हात लावून बघा." संपतचा सदरा तासाभरात कडकडीत वाळला होता. साहेबांनी त्याच्या कपाळाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. मग स्वतःच्या टेबलावरचं पाणी त्याच्या डोक्यावर ओतलं. असं पोर ज्या घरात असेल त्या घराला एक घागर जादा, हे त्या उन्हाळ्यापासून त्या भागात सुरू झालं. त्या साहेबांना वाईट म्हणणाऱ्यांशी तात्या नंतर भांडत असत.

आता तपासण्या निघाल्या आहेत, रक्त दिलं की कागदावर सगळं येतं. परवा माझ्या भाचीनं, संपतच्या मुलीनं, ती तपासणी करून घेतली आणि मला फोनवर शांतपणे सांगितलं, "आत्या, माझ्यात आहे. आता काय करायचं ते आम्ही दोघं ठरवू." तिच्या आवाजात लाज नव्हती. मला आईची आठवण झाली. या घराण्यात जन्मल्याचा मला अभिमान वाटतो, हे मी एरवी बोलत नाही. इथं लिहून ठेवते.

माणातल्या त्या उन्हाळ्याच्या पुढच्या वर्षी, ऊन तापायच्या आत, मंडळाचा पहिला मेळावा साताऱ्याला भरवला. सांगलीकडच्यांना आणि माणातल्यांना, दोघांनाही ते गाव सोयीचं. एका शाळेनं रविवारपुरती मोठी खोली दिली होती. आईनं कण्या आणि ताक केलं होतं. दोन्ही जिल्ह्यांतून माणसं आली, आणि आपल्या पोरासारखंच दिसणारं दुसरं पोर आयुष्यात पहिल्यांदा बघून कितीएक आया दारातच थबकल्या. पोरं मात्र एकमेकांना बघून जराही थबकली नाहीत. त्यांनी बादल्या पळवल्या आणि अंगणात चिखल केला.

तात्यांनी भाषण तयार केलं होतं. डॉक्टर बोलले, दातांचे डॉक्टर बोलले. मग तात्यांनी नामाआबांना दोन शब्द बोलायला सांगितलं. आबा डोक्याला पटका बांधून, काठी घेऊन आले होते. ते उभे राहिले, पण त्यांना शब्द सुचेना. मग त्यांनी वाकून, अंगणातून आत आलेल्या, चिखलानं माखलेल्या भीमाला दोन्ही हातांनी उचललं आणि सगळ्यांना दिसेल असं वर धरलं.

"ह्यो भीमा," ते म्हणाले. "पाच वर्सांचा झाला."

आणि खाली बसले.

टाळ्या वाजवायचं कुणाला सुचलं नाही. मागच्या रांगेतली शिरवळची बाई उठली, तिनं आपल्या पोराचा हात धरला आणि म्हणाली, "माझा रमेश. सात." पलूसचे मास्तर उठले, दोन्ही पोरांच्या खांद्यांवर हात ठेवून त्यांनी नावं सांगितली, वयं सांगितली. मग एकामागून एक, ज्यांनी कधी चारचौघांत आपलं पोर उंबऱ्याबाहेर आणलं नव्हतं ते सगळे उठत गेले. नाव आणि वय, बाकी काही नाही. सर्वांत शेवटी आई उठली. संपत तिच्या खांद्याला लागला होता. तिनं त्याच्या ओल्या पाठीवर हात ठेवला.

"संपत," ती म्हणाली. "धा."